रेडिओ-नियंत्रित घड्याळ पहाटे दोन वाजता नेमके काय ऐकते?

मनगटकर (प्रश्न)

नमस्कार.

गेली चार वर्षे मी काट्यांचे एक रेडिओ-नियंत्रित घड्याळ वापरतो. ते जर्मनीतील वेळ पाठवणाऱ्या रेडिओ केंद्राचा ७७.५ किलोहर्ट्झचा संदेश घेते आणि माझे घर त्या केंद्रापासून सरळ रेषेत सुमारे नऊशे किलोमीटरवर आहे. वेळ बरोबर असते एवढे मला पुरेसे होते, म्हणून त्याच्या आत काय चालते याचा विचार मी कधी केला नव्हता. मागच्या आठवड्यात एका रात्री झोप लागेना, तेव्हा घड्याळ समोर ठेवून बसलो. बरोबर दोन वाजता सेकंदकाटा भरभर सरकत तबकडीवरील एका खुणेपाशी गेला आणि तिथेच थांबला. मिनिटकाटाही जागचा हलेना. सुमारे सहा मिनिटांनी दोन्ही काटे झपाट्याने फिरून आपापल्या जागी आले आणि सेकंदकाटा पुन्हा नेहमीसारखा चालू लागला.

माझी समजूत अशी होती की केंद्रावरून दिवसभर वेळ येत असते आणि घड्याळ तिच्या पाठोपाठ चालत असते. तसे असेल तर या सहा मिनिटांत ते वेगळे असे काय करते? शिवाय वेळ आणि तारीख मिळून जेमतेम दहा-बारा आकडे होतात, ते पाठवायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही वेळ लागू नये, मग सहा मिनिटे कशासाठी? आठवड्यातून दोन-तीन रात्री हा प्रयत्न फसतो आणि घड्याळ तशी खूण दाखवते, त्याचेही कारण मला सापडलेले नाही. रात्री ते पलंगाशेजारच्या टेबलावर, फोनच्या चार्जरजवळ ठेवलेले असते.

मला सर्वांत जास्त सतावणारी गोष्ट मात्र निराळीच आहे. संदेश मिळाल्याची खूण सकाळी दिसत असूनही सेकंदकाटा दोन सेकंद मागे असतो. मी तो सलग तीन दिवस संगणकावरील वेळेशी ताडून पाहिला आणि फरक तिन्ही दिवस नेमका तेवढाच निघाला. ज्याची वेळ अणुघड्याळावरून लागते ते घड्याळ दोन सेकंद मागे कसे राहू शकते?

दीर्घलहर

तुमच्या पहिल्या समजुतीपासून सुरुवात करतो, कारण ती दुरुस्त झाली की बाकीचे बरेचसे आपोआप उलगडते. रेडिओ-नियंत्रित घड्याळ रेडिओवर चालत नाही. आतून ते इतर कोणत्याही क्वार्ट्झ घड्याळासारखेच असते. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा स्फटिक, ती संख्या पंधरा वेळा निम्मी करत सेकंदाला एक ठोका काढणारे विद्युत मंडल (सर्किट) आणि त्या ठोक्यावर पुढे सरकणारा काटा, एवढाच तो संसार आहे. असे घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंद पुढेमागे होते, म्हणजे दिवसाला अर्धा सेकंद. रेडिओचा भाग बॅटरी वाचावी म्हणून जवळजवळ पूर्ण दिवस बंद असतो आणि रात्री ठरलेल्या वेळी काही मिनिटांपुरता जागा होतो. त्या मिनिटांत तो केंद्राची वेळ समजून घेतो, मंडलातील मोजणी तिच्याशी जुळवतो आणि पुन्हा बंद होतो. दिवसभर साचलेला अर्ध्या सेकंदाचा फरक रोज असा पुसला जातो, म्हणून घड्याळ वर्षानुवर्षे बरोबर दिसते.

काटे थांबतात याचे कारणही सांगण्यासारखे आहे. काटा हलवणारी इवलीशी मोटर प्रत्येक ठोक्याला चुंबकीय स्पंद निर्माण करते आणि तो स्पंद अवघ्या काही मिलिमीटरवर असलेल्या अँटेनाला दूरच्या केंद्रापेक्षा कितीतरी मोठा भासतो. आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून माणूस जसा थबकून कानोसा घेतो, तसे घड्याळ मोटर थांबवून ऐकते.

आता संदेशाकडे वळतो. तुमचे घड्याळ ऐकते ते केंद्र फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगन येथे असून डीसीएफ ७७ या नावाने ओळखले जाते. ते १९५९ पासून चालू आहे आणि १९७३ पासून त्यावरून वेळ व तारीख सांकेतिक रूपात पाठवली जाते. केंद्रावर अणुघड्याळे बसवलेली आहेत आणि त्यांची जबाबदारी ब्राउनश्वाइग येथील पीटीबी या जर्मनीच्या राष्ट्रीय मापनसंस्थेकडे आहे. केंद्रातून आवाज किंवा शब्द येत नाहीत. एकाच वारंवारतेची अखंड लहर बाहेर पडते आणि प्रत्येक सेकंदाच्या आरंभी तिचा जोर सुमारे १५ टक्क्यांवर उतरवला जातो. हा उतार सेकंदाचा दहावा भाग टिकला तर त्याचा अर्थ शून्य आणि पाचवा भाग टिकला तर एक. त्या दोन चिन्हांपलीकडे या लिपीत अक्षर नाही.

एक मिनिट जवळून पाहू. समजा आत्ता २ वाजून ३६ मिनिटे चालू आहेत. या मिनिटात केंद्र सांगत असते ती वेळ पुढच्या मिनिटाची, म्हणजे २ वाजून ३७ मिनिटांची असते. २१ ते २७ हे सात सेकंद मिनिटांच्या आकड्यासाठी राखून ठेवलेले असतात आणि त्यांची वजने अनुक्रमे १, २, ४, ८, १०, २० आणि ४० अशी ठरलेली असतात. ३७ हा आकडा १, २, ४, १० आणि २० मिळून होतो. म्हणून त्या सात सेकंदांत लांब, लांब, लांब, आखूड, लांब, लांब, आखूड असे उतार येतात. यात लांब उतार पाच झाले. लांब उतारांची एकूण संख्या सम असली पाहिजे असा नियम असल्यामुळे २८ व्या सेकंदाला आणखी एक लांब उतार देऊन ती सहा केली जाते. वाटेत एखादा उतार चुकीचा वाचला गेला तर संख्या विषम निघते आणि घड्याळाला चूक कळते. पुढे याच पद्धतीने तास, दिनांक, वार, महिना आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक येतात. त्याआधीच्या सेकंदांत उन्हाळी वेळ चालू आहे की नाही आणि तासाभरात ती बदलणार आहे काय, याचीही चिन्हे असतात.

आणि ५९ व्या सेकंदाला उतारच येत नाही. मला या साऱ्या रचनेतील हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते. दर सेकंदाला पडणारा ठोका एकदाच चुकतो आणि त्या चुकलेल्या ठोक्यावरून घड्याळाला कळते की यानंतरच्या उताराची सुरुवात हाच नव्या मिनिटाचा आरंभ आहे. नुकताच ऐकलेला ३७ चा आकडा नेमका त्याच क्षणी खरा होतो.

सहा मिनिटांचा हिशेब आता जुळवता येईल. घड्याळ जागे होते तेव्हा केंद्राचे मिनिट कुठवर आले आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून आधी तो चुकणारा ठोका सापडेपर्यंत थांबावे लागते. मग एक पूर्ण मिनिट ऐकावे लागते. त्यावर लगेच विसंबता येत नाही, कारण एकाच गटातील दोन उतार चुकीचे वाचले गेले तर लांब उतारांची संख्या पुन्हा सम होऊ शकते आणि चूक लपून जाते. म्हणून घड्याळ आणखी एक-दोन मिनिटे ऐकून आकडा दर मिनिटाला एकाने वाढतो आहे ना, हे पडताळते. मध्ये कुठे खरखर झाली की ही पडताळणी पहिल्यापासून सुरू होते.

संदेश इतका सावकाश का, हा तुमचा प्रश्न अगदी योग्य आहे. घड्याळापर्यंत पोहोचणारा संदेश फार क्षीण असतो आणि आसपासच्या विद्युत गोंगाटातून तो वेगळा काढायचा तर अतिशय अरुंद गाळणी लागते. म्हणून ७७.५ किलोहर्ट्झवरच कंप पावेल असा दुसरा एक स्फटिक या कामासाठी आत बसवलेला असतो. कापड जितके दाट विणीचे तितके गाळलेले पाणी स्वच्छ असते, पण गाळायला वेळही तितकाच जास्त लागतो. अशा अरुंद गाळणीतून झपाट्याने बदलणारा संदेश पलीकडे जाऊच शकत नाही, दर सेकंदाला एक सावकाश चिन्ह मात्र बिनचूक जाते. याची थोडी किंमत मोजावी लागते ती अशी की उताराची कडा काही शतांश सेकंदांनी पुसट होते. संदेशाला नऊशे किलोमीटर यायला लागणारा वेळ त्यापुढे अगदी किरकोळ, म्हणजे तीन सहस्रांश सेकंद आहे. तुमच्या दोन सेकंदांचे उत्तर त्यामुळे यांपैकी कशातही सापडणार नाही. ते घड्याळदुरुस्तीतील जाणकारांनी द्यावे.

तांब्याची तार

प्रयत्न का फसतात याविषयी लिहितो, कारण या लहरी पकडण्यात मी पुष्कळ रात्री घालवल्या आहेत.

या लहरीची लांबी सुमारे ३,८७० मीटर आहे आणि घड्याळातील अँटेना आहे जेमतेम नखाएवढी. लहरीच्या मानाने ती नगण्य असूनही काम करते, कारण ती लहरीच्या चुंबकीय भागाला प्रतिसाद देते. चुंबकीय रेषा स्वतःकडे ओढून घेणाऱ्या पदार्थाची बारीक कांडी आणि तिच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे शेकडो वेढे, असे तिचे स्वरूप असते. या कांडीला दिशा असते. तिचे टोक केंद्राकडे रोखले की संदेश जवळजवळ नाहीसा होतो आणि ती केंद्राच्या दिशेला काटकोनात ठेवली की भरून येतो. म्हणूनच घड्याळाची कोणती बाजू खिडकीकडे असावी हे माहितीपुस्तिकेत लिहिलेले असते, आणि तो मजकूर बहुतेक जण न वाचताच सोडून देतात. धातूची पेटी अशा अँटेनाला झाकून टाकते. १९९० मध्ये आलेले युंगहान्स मेगा १ हे पहिले रेडिओ-नियंत्रित मनगटी घड्याळ, त्यात अँटेना चामडी पट्ट्यात घातलेली होती. धातूच्या पेटीतही चालतील अशी घड्याळे त्यानंतर आली.

तुमचा चार्जर हा माझ्या मते पहिला संशयित आहे. आजचे चार्जर आणि एलईडी दिव्यांचे पुरवठे आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि त्यातून उठणारा गोंगाट नेमका या वारंवारतेच्या आसपास येऊ शकतो. जुन्या चित्रनळीच्या दूरदर्शन संचांचे उदाहरण याबाबत बोलके आहे. युरोपातील संचांमध्ये आडव्या रेषा सेकंदाला १५,६२५ वेळा काढल्या जात. त्याची पाचपट ७८,१२५ होते, म्हणजे केंद्राच्या ७७,५०० पासून अगदी हाकेच्या अंतरावर.

मी एका जुन्या रेडिओतील तशीच चुंबकीय (फेराइट) कांडी वापरून संदेश पकडणारा साधा रिसीव्हर तयार केला आहे आणि प्रत्येक उताराला लुकलुकेल असा एक लहान दिवा त्याला जोडला आहे. रात्री खोलीत अंधार करून तो पाहिला की दर सेकंदाला एक मिचकावणी दिसते, काही आखूड आणि काही किंचित रेंगाळणाऱ्या, आणि मिनिटाच्या शेवटी एकदा दिवा लागतच नाही. हाताच्या अंतरावर फोनचा चार्जर लावला की तीच लय मोडते आणि दिवा अर्थहीन थरथरू लागतो. चार्जर दोन मीटर दूर नेला की लय परत येते. हे पाहिल्यानंतर मी घड्याळ कधीही चार्जरजवळ ठेवलेले नाही.

उरला रात्रीचा प्रश्न. दिवसा सूर्यप्रकाशामुळे आयनांबराचा, म्हणजे वातावरणातील उंचावरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा थर तयार होतो आणि तो या लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत येणाऱ्या लहरीवरच भिस्त ठेवावी लागते. रात्री तो थर विरतो आणि वरच्या थरावरून परतलेली लहर बऱ्याच दूरपर्यंत पोहोचते. शिवाय रात्री घरातील उपकरणे कमी चालू असतात आणि घड्याळ मनगटावरून उतरवून एका जागी ठेवलेले असते. तुमच्या नऊशे किलोमीटरच्या अंतराला मात्र एक खास अडचण आहे. तिथे जमिनीलगतची लहर आणि वरून परतलेली लहर साधारण सारख्याच जोराच्या असू शकतात, आणि एकीचा चढ दुसरीच्या उतारावर पडेल अशा त्या पोहोचल्या की काही मिनिटे परस्परांना खोडून काढतात. दोन वाजता न लागलेला संदेश त्यामुळे तीन वाजता सहज लागू शकतो. अनेक घड्याळे दोनपासून पाचपर्यंत दर तासाला प्रयत्न करतात, ते उगीच नाही.

मनगटकर

दोघांचेही मनापासून आभार. ५९ व्या सेकंदाची गोष्ट वाचून मी घड्याळाकडे निराळ्याच नजरेने पाहू लागलो आहे. कालपासून ते चार्जरपासून दूर, खिडकीच्या चौकटीत, बाराचा आकडा केंद्राच्या दिशेला येईल असे ठेवले आणि पहिल्याच प्रयत्नात संदेश मिळाला. दोन सेकंद मात्र तसेच आहेत.

आणखी एक विचारतो. पुढच्या महिन्यात मला कामासाठी काही आठवडे टोकियोला राहायचे आहे. घड्याळाच्या पाठीवर अनेक केंद्रांची नावे कोरलेली आहेत. तिथे ते आपोआप चालेल काय?

सूक्ष्मचक्र

मी घड्याळे उघडून दुरुस्त करण्याचे काम करतो, म्हणून दोन सेकंदांविषयी लिहितो. दोष संदेशात नाही, मंडलातही नाही. तुमच्या घड्याळाला आतून वेळ अगदी बरोबर ठाऊक आहे, चूक काट्याची आहे.

घड्याळाला स्वतःचे काटे दिसत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे लागते. मंडल मोटरला विजेचे स्पंद पाठवते आणि किती स्पंद पाठवले याची नोंद ठेवते. काटा कुठे आहे हे त्याला केवळ त्या नोंदीवरून समजते. एखादा स्पंद पाठवला गेला पण काटा हलला नाही, तर ते त्याला कधीच कळत नाही. घड्याळ आपटले, किंवा पिशवीच्या चुंबकी टिचबटणाजवळ, फोनच्या चुंबकी आवरणाजवळ किंवा ध्वनिवर्धकावर काही वेळ राहिले, की असे घडते.

फरक नेमका दोनच सेकंदांचा का, हेही सांगता येते आणि म्हणूनच मला निदानाची जवळजवळ खात्री आहे. मोटरमधील फिरकी म्हणजे एक लहानसा चुंबक असतो. प्रत्येक स्पंदाला ती अर्धा फेरा घेते आणि त्या अर्ध्या फेऱ्याने सेकंदकाटा एक घर पुढे जातो. फिरकी पुढे फिरत राहावी म्हणून स्पंदांची दिशा आलटूनपालटून बदलली जाते, एक सुलट तर पुढचा उलट. आता एक सुलट स्पंद वाया गेला असे समजा. पुढचा स्पंद उलट येतो, पण उलट स्पंद फिरकीला जिथे नेऊ पाहतो तिथेच ती आधीपासून उभी असते, त्यामुळे ती हलत नाही. त्यानंतरच्या सुलट स्पंदालाच ती पुन्हा चालू लागते. अशा रीतीने एक पाऊल चुकले की दोन सेकंद जातात. ज्या घड्याळांचा काटा सेकंदाला एकच घर सरकतो, त्यांत असा फरक दोन, चार, सहा असा सम आकड्यांत आढळतो.

तुम्ही तीन दिवस मोजलेत हे फार बरे केलेत. संदेश मिळत नसता तर फरक रोज थोडा वाढत गेला असता आणि त्यात सेकंदाचे तुकडेही दिसले असते. अचल आणि पूर्ण सेकंदांचा फरक दिसला की काट्याचे शून्यस्थान सरकले आहे असे समजावे. रात्री संदेश मिळाला की मंडल नवी वेळ घेते आणि काटा तिथे नेण्यासाठी किती स्पंद लागतील ते काढते, पण ती मोजणी चुकीच्या जागेवरून सुरू होत असल्यामुळे फरक जसाच्या तसा पुढे चालत राहतो.

उपाय घरच्या घरी होतो. माहितीपुस्तिकेत शून्यस्थान किंवा मूळ स्थान तपासण्याची कृती दिलेली असते. बहुधा चावी ओढून किंवा एखादे बटण काही सेकंद दाबून ठेवावे लागते. तसे केल्यावर सारे काटे बारावर जायला हवेत. तुमचा सेकंदकाटा ५८ च्या खुणेवर थांबेल अशी माझी अपेक्षा आहे. बटणाने तो दोन घरे पुढे नेऊन ६० वर आणा आणि चावी आत दाबा. मिनिटकाटा आणि तासकाटाही त्याच वेळी नीट पाहून घ्या, कारण त्यांची वेगळी मोटर असेल तर त्यांचेही स्थान ढळलेले असू शकते.

काही घड्याळे हे स्वतःच तपासतात. त्यांच्या चक्रांना बारीक भोके पाडलेली असतात आणि काटे ठरलेल्या जागी आले की ती भोके एका रेषेत येऊन एका बाजूच्या इवल्या दिव्याचा प्रकाश दुसऱ्या बाजूच्या संवेदकावर पडतो. प्रकाश अपेक्षित क्षणी दिसला नाही तर घड्याळ काटे फिरवून जागा शोधते. पेटी उघडून हे चक्र पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा ते भोक केवढे बारीक आहे हे पाहून मी बराच वेळ भिंगातून डोळा काढला नव्हता.

सातसमुद्र

टोकियोबद्दल लिहितो. पाठीवर जपानी केंद्राचे नाव असेल तर घड्याळ चालेल, मात्र तिथे गेल्यावर शहर किंवा कालविभाग तुम्हाला बदलावा लागेल, कारण कोणत्या केंद्राचा शोध घ्यायचा हे घड्याळ त्या निवडीवरून ठरवते.

जपानच्या केंद्रांना जेजेवाय म्हणतात आणि ती दोन आहेत. ४० किलोहर्ट्झचे केंद्र फुकुशिमा जिल्ह्यातील ओताकादोया डोंगरावर १९९९ मध्ये सुरू झाले आणि ६० किलोहर्ट्झचे केंद्र क्यूशू बेटावरील हागाने डोंगरावर २००१ मध्ये. दोन केंद्रे असल्याचा उपयोग मार्च २०११ मध्ये दिसून आला. भूकंपानंतर अणुवीज प्रकल्पाच्या परिसरातून लोकांना हलवावे लागले तेव्हा फुकुशिमाचे केंद्र बंद पडले आणि ते एप्रिलच्या उत्तरार्धात पुन्हा चालू होईपर्यंत क्यूशूचे केंद्र एकटेच संदेश देत होते.

अनेकांच्या लक्षात येत नाही ती गोष्ट म्हणजे ६० किलोहर्ट्झ हीच वारंवारता आणखी दोन ठिकाणी वापरली जाते. अमेरिकेत कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्सचे डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी आणि ब्रिटनमध्ये २००७ साली रग्बीहून अँथॉर्न येथे हलवलेले एमएसएफ, ही दोन्ही केंद्रे तिच्यावरच बोलतात. म्हणजे घड्याळाला तिन्हीसाठी गाळणी एकच चालते, पण लिपी तीन याव्या लागतात. अमेरिकी केंद्र सेकंदाच्या आरंभी जोर उतरवते, आणि तो ०.२ सेकंद उतरलेला राहिला तर शून्य, ०.५ सेकंद राहिला तर एक आणि ०.८ सेकंद राहिला तर विभागाची खूण समजायची. जपानी केंद्र बरोबर उलटे वागते. तिथे सेकंदाच्या आरंभी जोर चढतो, आणि ०.८ सेकंद टिकला तर शून्य, ०.५ सेकंद टिकला तर एक. शिवाय जर्मन केंद्र येणाऱ्या मिनिटाची वेळ सांगते, तर जपानी आणि अमेरिकी केंद्रे चालू मिनिटाची सांगतात, त्यामुळे पूर्ण मिनिट ऐकून झाल्यावर घड्याळाला त्यात एक मिळवावा लागतो. अमेरिकी केंद्र स्थानिक वेळ न पाठवता जागतिक समन्वित वेळ (यूटीसी), म्हणजे साऱ्या जगाला समान असलेली संदर्भवेळ, पाठवते, म्हणून तिथे कालविभाग चुकीचा निवडला तर मिनिटे आणि सेकंद अचूक दिसूनही तास चुकीचा राहतो.

चीनमधील शांगचिउ येथील केंद्र ६८.५ किलोहर्ट्झवर चालते. जगाच्या फार मोठ्या भागात यांपैकी कोणत्याही केंद्राचा आवाका पोहोचत नाही. तिथे हे घड्याळ साधे क्वार्ट्झ घड्याळ म्हणून चालत राहते आणि रोज रात्री व्यर्थ ऐकत बसते. अशा प्रवासात आपोआप संदेश घेण्याची सोय बंद ठेवलेली बरी, तेवढीच बॅटरी वाचते.

चौकटराजा

मध्येच विचारतो त्याबद्दल क्षमस्व. घड्याळ दिवसभर स्वतःच्या मोजणीवर चालत असेल तर लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून वाढवला जाणारा सेकंद, आला की त्याला कसे कळते?

दीर्घलहर

केंद्र त्याची सूचना तासभर आधी देते. १९ व्या सेकंदाचे चिन्ह त्यासाठीच ठेवलेले आहे आणि प्रत्यक्ष घटनेच्या वेळी ते मिनिट ६१ सेकंदांचे होते. मनगटी घड्याळ मात्र त्या क्षणी सहसा ऐकत नसते. ते पुढच्या यशस्वी प्रयत्नापर्यंत एक सेकंद पुढे चालते आणि मग गुपचूप जागेवर येते. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ रोजी धरला गेला. २०२२ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०३५ पर्यंत ही पद्धत बदलण्याचा ठराव केला आहे, त्यामुळे आजच्या घड्याळांना ही वेळ पुन्हा फार वेळा येईल असे दिसत नाही.

मनगटकर

सूक्ष्मचक्र यांनी सांगितल्याप्रमाणे चावी ओढून बटण दाबून धरले. तास आणि मिनिटांचे काटे बारावर नेमके एकावर एक आले आणि सेकंदकाटा ५८ च्या खुणेवर जाऊन थांबला. तो दोन घरे पुढे घेतला. आज पहाटे पुन्हा जागा राहिलो होतो. दोन वाजता काटे थांबले, चार मिनिटांनी फिरले, आणि त्यानंतर संगणकावरील प्रत्येक सेकंदाला काट्याचे पाऊल बरोबर पडत होते. मिनिट संपत आले की मी अजूनही नकळत त्या न येणाऱ्या ठोक्याची वाट पाहतो.